घरबांधणी, वाचकांचे प्रश्न : भिंतीतला फिश टँक

भिंतीत फिश टँक बसवण्याबद्दल जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून प्रश्न आले. त्यांतले निवडक येथे घेतले आहेत. भिंतीविषयीची उत्तरे स्ट्रक्चरल इंजिनिअरने दिली आहेत, टाकीविषयीची टाक्या बांधणाऱ्या कारागिराने. दोघांचे एका गोष्टीवर एकमत आहे, ती आधीच सांगतो: भिंतीला फक्त खिडकी पाडा. टाकी त्या खिडकीमागे, स्वतःच्या स्टँडवर, जमिनीवर उभी करा.

प्रश्न (जळगाव) : आमचे घर १९९२ चे, तळमजला आणि वर एक मजला. हॉल आणि बेडरूमच्या मध्ये नऊ इंची विटांची भिंत आहे. हॉलमधून मासे दिसतील असा चार फुटांचा टँक त्या भिंतीत बसवायचा आहे. गवंडी म्हणतो, "भाऊ, चार फुटांना काय होतं? विटा काढू अन् टाकी ठेवून देऊ." घरातल्यांना वाटते की भिंतीला एवढे वजन झेपणार नाही. कोणाचे खरे मानावे?

उत्तर : घरच्यांची काळजी योग्य आहे, पण धोका टाकीच्या वजनाचा नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे नऊ घनफूट. काठोकाठ भरली तर २५५ लिटर, प्रत्यक्षात सव्वादोनशेच्या आसपास. १० मिमी काचेचे वजन ५२ किलो, वाळू ४० किलो, शिवाय दगड आणि झाकण. सगळे मिळून सव्वातीनशे ते साडेतीनशे किलो होते. ४५ इंच बाय १५ इंच भोकातून निघणाऱ्या विटा आणि प्लास्टरच दोनशे किलोच्या घरात जातात. म्हणजे खालच्या भिंतीवर वाढणारा भार थोडा आहे.

धोका भोकाच्या वर आहे. तुमच्या भिंतीवर दोन्ही बाजूंचे स्लॅब टेकलेले आहेत. दोन्हीकडच्या खोल्या साधारण दहा-साडेदहा फुटी धरल्या, तर पहिल्या मजल्याचा स्लॅब, त्यावरची भिंत आणि गच्चीचा कोबा असलेला स्लॅब मिळून भिंतीच्या प्रत्येक फुटावर जवळपास दोन टन भार येतो. पावणेचार फुटांच्या भोकावर सात टनांहून जास्त. त्याच्यापुढे टाकीचे साडेतीनशे किलो कुठेच नाहीत.

गवंड्याचा आत्मविश्वास कुठून येतो, तेही समजून घ्या. विटांच्या भिंतीत भोक पाडले की वरचा भार आपोआप कमानीसारखा दोन्ही बाजूंना वळतो. भोकावर फक्त एका त्रिकोणाएवढ्या विटा लोंबतात. म्हणून विटा काढल्या त्या दिवशी काहीच होत नाही. पण ही कमान टिकायला दोन गोष्टी लागतात. भोकाच्या दोन्ही बाजूंना भरपूर सलग भिंत हवी, आणि वर पुरेशी उंच भिंत हवी. जवळ दार असेल, किंवा भोक स्लॅबच्या अगदी खाली असेल, तर कमान बनतच नाही. बनली तरी त्रिकोणातल्या विटा जुन्या मसाल्यातून हळूहळू सुटतात, आणि सहा महिन्यांनी, एखाद्या पावसाळ्यानंतर, कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. त्यामुळे लिंटल, म्हणजे भोकावरचा भार पेलणारी आडवी तुळई, हवेच, आणि ते कमानीवर विसंबून न राहता पूर्ण भाराचे हवे.

भोक कुठे पाडायचे? भिंतीच्या कोपऱ्यापासून आणि दार-खिडकीच्या कडेपासून किमान दोन फूट सलग भिंत सोडा, शक्य असेल तर अडीच. भोकाचा तळ जमिनीपासून तीन फुटांवर आणि माथा सव्वाचार फुटांवर घेतला तर दहा फुटी खोलीत वर पावणेसहा फूट वीटकाम शिल्लक राहते, हे चांगले. बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर मासे येतात, तेही याच उंचीला. दोन मजली घरात एका भिंतीतल्या दारे, खिडक्या आणि नवे भोक यांची एकूण रुंदी भिंतीच्या लांबीच्या चाळीस टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस ४३२६ या मानकातही याच धर्तीची मर्यादा घातलेली आहे, आणि तापी खोऱ्यात ती पाळायलाच हवी.

भोक टाकीच्या काचेपेक्षा लहान ठेवा. चार फूट बाय दीड फूट काचेला ४५ इंच बाय साडेचौदा-पंधरा इंच. वरची पाण्याची रेषा, खालचा वाळूचा थर आणि बाजूचे सिलिकॉनचे सांधे भिंतीआड झाकले जातात. तुमच्या घरी हे जमते, कारण मागच्या बाजूला बेडरूम आहे. तिथली दोन फूट जागा मात्र स्टँडला द्यावी लागेल.

आणि एक. या भिंतीत जुना बंद केलेला दरवाजा, फडताळ किंवा मोठा कोनाडा असेल तर तीच जागा घ्या. लिंटल तिथे आधीच आहे. खालचा भाग साडेचार इंची भिंतीने भरून घेतला की भोक तयार, घराला धक्का नाही. विटा फोडण्याआधी घरात एक फेरी मारून अशी जागा शोधण्यात जो अर्धा तास जाईल, तो सगळ्यात फायद्याचा.

प्रश्न (भुसावळ) : भिंत लोड बेअरिंगची, म्हणजे वरचे वजन पेलणारी, आहे की नुसती पडदी, हे घरच्या घरी कसे ओळखावे? ठोकून आवाजावरून कळते असे काही जण सांगतात.

उत्तर : आवाजावरून फक्त प्लास्टर सुटले आहे का एवढे कळते. आधी जाडी मोजा. दोन्हीकडच्या प्लास्टरसह साडेपाच इंच भरली तर ती साडेचार इंची पडदी, दहा-साडेदहा भरली तर नऊ इंची. मग वरच्या मजल्यावर जाऊन बरोबर त्याच रेषेत भिंत आहे का ते पाहा. असेल, तर शंका नको. त्यानंतर खोलीची लांबी-रुंदी मोजा. साधा स्लॅब लहान अंतरावर टाकलेला असतो, म्हणून दहा बाय पंधराच्या खोलीत मुख्य भार पंधरा फुटी भिंतींवर असतो.

आपल्याकडे फसगत होते ती अर्धवट कॉलमच्या घरांत. चार कोपऱ्यांत कॉलम असतात म्हणून मालक "आरसीसी घर" म्हणतो, पण मधल्या भिंतीवर बीमच नसते आणि स्लॅब थेट विटांवर बसलेला असतो. छताला भिंतीलगत खाली उतरलेले बीम दिसत नसेल, तर भिंत वजनाचीच समजा. मंजूर नकाशा आणि स्लॅबची सळईची पट्टी कपाटात असेल तर ती इंजिनिअरला दाखवा, पाच मिनिटांत उत्तर मिळेल. आणि शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या भिंतीला हात लावू नका. फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी संमती, इंजिनिअरचा दाखला आणि नगरपालिका किंवा महानगरपालिकेची परवानगी, एवढे झाल्याशिवाय छिन्नी उचलू नका.

प्रश्न (धुळे) : इंजिनिअरने "दोन चॅनल टाका" एवढेच सांगितले. कोणते चॅनल, कसे बसवायचे, किती दिवस थांबायचे, हे मिस्त्रीला नीट सांगता येईल असे लिहा.

उत्तर : जळगावच्या उत्तरातल्या घरासारखी भिंत आणि पावणेचार फुटांचे भोक धरून सांगतो. तुमच्या घराचा भार वेगळा असेल तर चॅनलचा आकार इंजिनिअरकडून लिहून घ्या.

चॅनल म्हणजे इंग्रजी C आकाराची लोखंडी तुळई, हेच आपले लिंटल. ते १२५ मिमीचे, म्हणजे बाजारात पाच इंची म्हणतात ते, दोन नग. १०० मिमीची जोडी दोन मजल्यांच्या भाराला कमी पडते. लांबी सव्वापाच फूट, म्हणजे दोन्ही टोकांना नऊ-नऊ इंच टेकण मिळते. एकाचे वजन वीस किलो, दोन माणसे सहज उचलतात. आणल्यावर दोन्ही चॅनल एकावर एक ठेवून १२ मिमी बोल्टची तीन भोके एकदम पाडून घ्या, म्हणजे नंतर जुळतात. तारेच्या ब्रशने गंज काढून रेड ऑक्साइडचे दोन हात द्या. शिवाय ९ बाय ९ इंची, १० मिमी जाडीच्या दोन प्लेट लागतील.

काम सुरू करण्याआधी भिंतीतल्या वायर आणि पाण्याचे पाइप शोधा. बोर्डापासून सरळ वर किंवा आडवी गेलेली पट्टी बहुधा वायरीची असते. मेन स्विच बंद ठेवूनच कापा. दोन्ही खोल्यांत भिंतीपासून अडीच फुटांवर, स्लॅबखाली आडवी लाकडी तुळई आणि तिच्याखाली तीन-तीन लोखंडी जॅक लावा. जॅकच्या पायाखाली दोन इंच जाड, नऊ इंच रुंद फळी हवी, नाहीतर फरशी बसते. जॅक हाताने घट्ट करायचा आणि थांबायचे. पान्हा लावून आवळत राहिलात तर स्लॅब वर उचलला जातो आणि वरच्या मजल्याच्या फरशीला चीर जाते. हे जॅक स्लॅबचा भार हलका करतात. वरच्या भिंतीचा भार मात्र ते घेत नाहीत, म्हणून पुढचा क्रम चुकवू नका.

आधी टेकणीचे बेडब्लॉक. चॅनलचे टोक थेट विटांवर टेकवले तर तळहाताएवढ्या जागेवर चार टनांहून जास्त भार येतो आणि खालची वीट चुरडते. घरांना नंतर ज्या चिरा पडतात, त्यांतल्या पुष्कळशा इथे सुरू होतात. म्हणून भोकाच्या दोन्ही बाजूंना, चॅनलच्या तळाखाली, १५ इंच लांब, भिंतीच्या पूर्ण जाडीचा, ६ इंच उंच असा खाचा काढा आणि एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी या प्रमाणात काँक्रीट भरा. एक बाजू आज, दुसरी उद्या. दोन्ही एकदम उघडू नका. सात दिवस पाणी मारा.

मग हॉलच्या बाजूने भिंतीच्या अर्ध्या जाडीपर्यंत, साडेचार इंच खोल, चॅनलच्या लांबीची आणि सहा इंच उंचीची खाच काढा. ब्रेकर नको. हादऱ्याने वरच्या विटांचा मसाला सुटतो. ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून कडा कापा आणि आतला भाग छिन्नीने हळू काढा. पाठीमागची अर्धी भिंत अजून उभी असल्यामुळे भार तिच्यावर राहतो, या पद्धतीचा सगळा भरवसा त्यावर आहे. टेकणीवर प्लेट ठेवा आणि चॅनल सरकवा, सपाट पाठ बाहेर, कडा आत. लेव्हल तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचे, आणि सगळ्यात जास्त टाळले जाणारे काम: चॅनल आणि वरच्या विटा यांच्यातली इंचभर फट. त्यात पातळ मसाला ओतून चालत नाही, तो सुकला की आक्रसतो. एक भाग सिमेंट, तीन भाग जाड वाळू आणि पाणी इतकेच की मुठीत दाबला तर लाडू वळावा पण हाताला ओल लागू नये. असा कोरडा मसाला लाकडी पट्टी आणि हातोड्याने थरथराने ठासायचा, टणक आवाज येईपर्यंत. आयता नॉन-श्रिंक ग्राउट (न आक्रसणारा मसाला) मिळाला तर तोही चालेल, पण तोही पूर्ण भरला पाहिजे. वर फट राहिली की चॅनल भार घ्यायच्या आधी भिंत तेवढी खाली बसते, आणि ती बसणे म्हणजेच चीर.

तीन दिवसांनी बेडरूमच्या बाजूने तशीच खाच. मधली पोकळी बारीक खडीच्या काँक्रीटने भरून दुसरा चॅनल बसवा, पाइपच्या तुकड्यांतून तिन्ही बोल्ट आरपार घालून आवळा, वर पुन्हा कोरडा मसाला ठासा. त्यानंतर पूर्ण सात दिवस थांबा. मिस्त्री तिसऱ्या दिवशीच "झालं घट्ट" म्हणेल, त्याचे ऐकू नका. सात दिवसांनी चॅनलखालच्या विटा वरून खाली, थरामागून थर काढा. जॅक त्यानंतर दोन दिवसांनी सैल करा, एकेक करून, पाव-पाव फेरा.

भोकाच्या तळाला कापलेल्या विटांवर ३ इंच जाड काँक्रीटची पट्टी, ८ मिमीच्या दोन सळया घालून, बेडरूमच्या बाजूला थोडा उतार देऊन टाका. चॅनलवर कोंबडीजाळी गुंडाळून, ती दोन्हीकडे विटांवर चार-चार इंच नेऊन, मगच प्लास्टर करा. सगळे मिळून तीन आठवडे लागतात. दोन दिवसांत करून देतो म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

प्रश्न (चोपडा) : आमचे जुने धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर आहे. भिंती दोन फूट जाड, मातीच्या. एवढ्या जाड भिंतीत टाकी आरामात बसेल ना?

उत्तर : बसेल, पण बसवू नका. दोन फुटी भिंत दिसते सलग, आत ती बहुधा दोन पदरांची असते. बाहेर भाजलेली वीट किंवा दगड, मध्ये माती आणि भरड. एक पदर कापला की मधला भराव ओघळायला लागतो. शिवाय धाब्याचा भार काही ठिकाणी लाकडी खांब-तुळयांवर असतो तर काही ठिकाणी थेट भिंतीवर, आणि खांब भिंतीत पुरलेला असेल तर प्लास्टरवरून दिसतही नाही.

दुसरे कारण ओलीचे. मातीच्या गिलाव्यात रचलेली भिंत कोरडी आहे तोवरच मजबूत. टाकीतून रोज पाण्याची वाफ निघते, आठवड्याला पाणी बदलताना शिंतोडे उडतात, एखाद्या दिवशी नळी निसटते. सिमेंटच्या भिंतीला यातून डाग पडतो, मातीची भिंत मात्र मऊ होते. लाकडाला ओल लागली की वाळवी आली. अशा घरात मासे हवेच असतील तर भिंतीपासून सहा इंच सोडून, मोकळ्या स्टँडवर तीन फुटांची टाकी ठेवा. भिंतीत रिकामा कोनाडा असेल तर त्यात दिवा लावा, टाकी नको.

प्रश्न (अमळनेर) : घर काळ्या मातीत आहे. दाराच्या कोपऱ्यातून बारीक चिरा आहेत, उन्हाळ्यात वाढतात आणि पावसाळ्यात कमी दिसतात. त्याच भिंतीत टाकी करावी का?

उत्तर : आत्ता नाही. उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी चीर म्हणजे पाया हलतो आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते, सुकली की आक्रसते, आणि खोल न नेलेला पाया तिच्याबरोबर वरखाली होतो. अशा भिंतीत कापलेल्या भोकाचे चारही कोपरे नव्या चिरांना जागा करून देतात.

आधी चीर जिवंत आहे का ते तपासा. पातळ काचेची इंचभर रुंद, चार इंच लांब पट्टी चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोके सिमेंटने चिकटवा, प्लास्टर खरवडून विटेवर. तारीख लिहून ठेवा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली तर भिंत हलते आहे. मग टाकी विसरून पायाकडे लक्ष द्या: घराभोवती तीन-चार फूट रुंद पक्का उताराचा ओटा करा, पन्हाळीचे पाणी पायाशी पडू देऊ नका, भिंतीलगतची मोठी झाडे आणि मोरीची गळकी पाइपलाइन बघा. काच साबूत राहिली आणि चीर केसाएवढीच असेल, तर इंजिनिअरला दाखवून पुढे जाता येईल. भोक पाडायचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. जमिनीतली ओल तेव्हा मधल्या अवस्थेत असते, आणि काँक्रीटला पाणी मारलेले टिकते.

प्रश्न (शिरपूर) : आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. टाकी भिंतीत नाही, मागे स्टँडवर ठेवली तर स्लॅबला धोका आहे का?

उत्तर : घरगुती स्लॅब प्रत्येक चौरस मीटरला २०० किलो चालत्या-फिरत्या भारासाठी धरलेला असतो. चार फुटी टाकी तिच्या पायाच्या जागेत चौरस मीटरला सहाशे किलोच्या पुढे जाते. ऐकायला हे भयंकर वाटते, पण जागा छोटी असल्यामुळे भार आजूबाजूला वाटला जातो. तुमची टाकी वजनाच्या भिंतीला लागूनच उभी राहणार, आणि तिथे स्लॅब सगळ्यात भक्कम असतो. त्यामुळे चार फुटांपर्यंतची टाकी बहुतेक चांगल्या स्लॅबवर चालते. खोलीच्या मधोमध, पुढे आलेल्या बाल्कनीत किंवा सळई दिसू लागलेल्या स्लॅबवर मात्र अजिबात नको. पाच फुटांच्या पुढची टाकी असेल तर हिशेब करून घ्या.

स्टँड ४० बाय ४० मिमीच्या चौकोनी पाइपचा, २ मिमी जाडीचा, सहा पायांचा, प्रत्येक पायाखाली ४ इंची प्लेट. वर १८ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर अर्धा-पाऊण इंच थर्माकोल. टाकी रिकामी असताना लेव्हल पाइपने चारही कोपरे बघा. चार फुटांत तीन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवा, थर्माकोलवर विसंबू नका. काचेची पुढची बाजू आणि भिंत यांत १० ते १२ मिमी मोकळे सोडा, त्यात हॉलच्या बाजूने मऊ फोमची पट्टी. वर हात घालायला किमान बारा इंच जागा ठेवा. टाकी जागेवर नेण्याआधी अंगणात चार दिवस भरून ठेवून गळती तपासा.

प्रश्न (शहादा) : मागच्या वर्षी भिंत फोडून टाकी बसवली. लिंटल म्हणून लाकडी फळी आहे. टाकी कापलेल्या विटांवर ठेवून कडा सिमेंटने भरल्या होत्या. आता वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून चिरा आहेत, खाली भिंतीला ओल आणि पांढरी पूड येते. समोरच्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला आहे. काय करावे?

उत्तर : हे वाचताच टाकी रिकामी करा. तडा गेलेली काच टाकीतले सगळे पाणी धरून आहे आणि ती न सांगता फुटते. मासे बादल्यांत, एअर पंप लावून ठेवा. लगेच दोन्ही खोल्यांत स्लॅबखाली जॅक लावा आणि भोकातही एक उभा टेकू द्या.

चिरांचा आकार पाहून दोष कळतो. कोपऱ्यातून विटांच्या पायऱ्यांसारखी तिरकी वर जाणारी चीर म्हणजे लिंटल वाकले. लिंटलच्या टोकाखाली सरळ उभी चीर म्हणजे टेकणीची वीट चुरडली. लिंटलच्या बरोबर वर आडवी चीर म्हणजे फट ठासली नव्हती. फक्त लोखंडाच्या कडेने सरळ जाणारी केसाएवढी चीर प्लास्टरची असते, ती निरुपद्रवी. तुमची पहिल्या प्रकारची आहे. लाकूड वाकते, शिवाय टाकीच्या ओलीने कुजते, म्हणून वजनाच्या भिंतीत लाकडी लिंटल कधीच नको. धुळ्याच्या उत्तरात दिलेल्या क्रमाने, इंजिनिअरच्या देखरेखीखाली, फळीच्या वरच्या थरात चॅनल बसवा आणि ते पक्के झाल्यावर मगच फळी काढा. चिरेत सिमेंट भरण्याची घाई करू नका. लिंटल बसल्यावर महिनाभर ती वाढत नाही हे पाहून मग भरा.

काच का तडकली? चारही कडा सिमेंटने बंद केल्यामुळे भिंत जेवढी खाली आली तेवढी काचेवर बसली. काचेला कुठेच टणक स्पर्श नको. ओल आणि पांढरी पूड हे एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत: सांध्यातून झिरपणारे पाणी विटांतून जाताना क्षार घेऊन येते आणि बाहेर सुकताना ते तिथेच सोडते, त्यालाच लोणा म्हणतात. त्यावर रंग लावला तर फुगून पडेल. प्लास्टर खरवडून भिंत दोन-तीन महिने उघडी सुकू द्या, पूड कोरड्या ब्रशने काढत राहा, पाण्याने धुऊ नका.

प्रश्न (रावेर) : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. त्यात वीज जाते. भिंतीतल्या टाकीत मासे टिकतील का? बोअरचे पाणी जड आहे, तेही चालेल का?

उत्तर : टिकतील, पण भिंत निवडताना हेच आधी बघा. पश्चिमेकडून ऊन खाणारी बाहेरची भिंत घेऊ नका. ती रात्री दहापर्यंत टाकीला शेकत राहते. मधली भिंत उत्तम.

पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशाला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, तर ३५ अंशाला जेमतेम सात, आणि गरम पाण्यात माशाची गरज उलट वाढलेली असते. म्हणून मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. झाकण काढून त्या जागी जाळी टाका आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका लावा. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी असल्यामुळे कूलरच्या तत्त्वाने पाणी दोन-तीन अंश उतरते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हा उपाय तेवढा चालत नाही, पण तेव्हा गरजही कमी असते. बर्फाचे खडे थेट टाकू नका, तापमान एकदम पडले की मासे आजारी पडतात.

वीज गेल्यावर फिल्टर बंद पडतो. तासाभराने काही बिघडत नाही, पण चार-सहा तास गेले तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरू लागतात. वीज जाताच आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअर पंप मिळतो, तो बसवाच, आणि पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, म्हणजे बंद पडल्यावर नळीतून पाणी उलटे येणार नाही. या टाकीचा सॉकेट भोकाच्या खाली नको, बाजूला आणि वर हवा. वायर आधी खाली झोळ देऊन मग सॉकेटला न्या, म्हणजे ओघळलेले पाणी झोळाच्या तळाशी टपकते. सर्किटला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, लावून घ्या. पाण्याच्या आणि लोखंडी स्टँडच्या शेजारी काम करणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून आहे.

जड पाण्याला मॉली, गप्पी आणि आफ्रिकेतल्या मलावी तलावाचे सिक्लिड मानवतात. मऊ पाण्यातल्या नाजूक माशांच्या मागे लागू नका. उन्हाळ्यात रोज काही लिटर पाणी उडते, क्षार मात्र टाकीतच राहतात. त्यामुळे उडालेले पाणी बोअरच्या पाण्याने भरत राहिलात तर महिन्याभरात टाकीतले पाणी आणखी जड होते आणि काचेवर पांढरी रेघ धरते. रोजची भर आरओच्या शुद्ध पाण्याने घाला, आरओच्या बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याने नाही, आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बोअरच्या पाण्याने बदला. नळाचे पाणी वापरत असाल तर ते बादलीत एक दिवस उघडे ठेवून मग टाका. काचेवरची रेघ व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडाने, टाकीतले पाणी दोन इंच उतरवून पुसा.